घरच्या मंडळींसोबत डी अँड डी: पहिल्या डावापासून पुढे

चार-पाच जण टेबलाभोवती बसून एक गोष्ट खेळतात. एकजण त्या गोष्टीचं जग सांभाळतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र घेतात, आणि कुणाचा बेत साधतो, कुणाचा फसतो हे फासे ठरवतात. या जातीचा पहिला छापील खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, थोडक्यात डी अँड डी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकन गड्यांनी तो १९७४ साली काढला, तोही टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळण्याच्या छंदातून. जग सांभाळणाऱ्याला डंजन मास्टर म्हणतात. पुढे मी नुसतं डीएम म्हणेन.

आमच्या घरी हा खेळ रविवारी चालतो. डीएम मी. बायको, अकरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि बहिणीचा मुलगा खेळतात, आई मध्येमध्ये येऊन बसते. ओळखीतले आईबाप विचारतात, ‘आम्हालाही सुरू करायचंय, कुठून करू?’ त्यांच्यासाठी हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय. इंग्रजीत मार्गदर्शन भरपूर आहे, पण ते बहुतेक अशा लोकांसाठी, ज्यांच्याकडे मोकळी संध्याकाळ आणि चार मोठे मित्र आहेत. आपल्याकडे क्लास असतात, सहामाही असते, न कळवता येणारे पाहुणे असतात आणि दुपारी डोळा लागलेले आजोबा असतात. हा खेळ घरात टिकवायचा तर तो घराच्या घड्याळात आणि घरच्या बोलीत बसवावा लागतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीसाठी आहेत.

१. आधी घरच्यांना विचारा, खरेदी नंतर

पहिला सापळा इथेच आहे. उत्साहाच्या भरात माणूस जाडजूड पुस्तकं मागवतो आणि मग घरच्यांना खेळायला बसवायला बघतो. उलट करा. आधी विचारा: कोणाला खेळायचंय, कधी, किती वेळ?

वेळ ठरवताना घड्याळातली दोन्ही टोकं बोलून घ्या. आमची वेळ रविवारी चार ते सहा आहे, दुपारची झोप आणि संध्याकाळचं बाहेर जाणं यांच्या मधली. सहा वाजले की गोष्ट जिथे असेल तिथे थांबते. ही शिस्त पाळली तर घरातला न खेळणारा माणूस खेळाकडे कटकट म्हणून बघत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना सलग दोन तास जमत नाहीत. तासाभरानं दहा मिनिटांची सुट्टी द्या, पाणी पिऊ द्या, गॅलरीत उड्या मारू द्या.

आणखी एक गोष्ट जोडीदाराशी मोकळेपणानं बोलून घ्या. डीएमला डावाआधी तयारी लागते, आणि तो वेळही घरातूनच जातो. दोन तासांच्या डावाला तासभर तयारी पुरते. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर गोष्ट मोठी झाली आहे, ती कापा.

२. लागणारं सामान

नियम: खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट’ या नावानं फुकट मिळतात, अधिकृत संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवता येते. लोक त्याला एसआरडी म्हणतात. २०१४ च्या नियमांवर बेतलेला त्याचा ५.१ हा मसुदा जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आला, आणि २०२४ च्या सुधारित नियमांवर बेतलेला ५.२ हा २०२५ मध्ये. दोन्हींत बारीकसारीक फरक आहेत, म्हणून एकच उतरवा आणि त्याच्याशीच राहा. एकाचं पान दुसऱ्याच्या पानाशी जोडून बघायला गेलात तर गोंधळ ठरलेला. यूट्यूबवरचा व्हिडिओ बघतानाही तो २०१४ च्या नियमांवर आहे की २०२४ च्या, हे आधी बघून घ्या.

फासे: सात फाशांचा एक संच मिळतो. चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा एकेक, आणि दहा बाजूंचे दोन. दोनपैकी एकावर दशकाचे आकडे असतात, टक्केवारीसाठी. सुरुवातीला घरात दोन संच पुरेत. वीस बाजूंचा फासा मात्र प्रत्येकाला स्वतःचा आणि वेगळ्या रंगाचा द्या, कारण बाराच्या आणि विसाच्या फाशात मुलं हमखास गफलत करतात. घरात रांगतं मूल असेल तर फासे झाकणाच्या डब्यात आणि डबा उंचावर. चार बाजूंचा फासा तोंडात सहज जातो.

बाकी सगळं घरात असतंच:
- चौकटीची वही, नकाशांसाठी
- पेन्सिली आणि खोडरबर. पात्राच्या कागदावर पेन चालवू देऊ नका, आकडे सतत बदलतात
- कॅरमच्या सोंगट्या, शत्रू म्हणून
- डीएमसमोर उभं करायला एखादं जुनं पुठ्ठ्याचं फोल्डर, म्हणजे टिपणं मुलांना दिसत नाहीत
- प्रत्येकाच्या पात्राचा एकेक कागद

छापील पुस्तकं सुंदर असतात, पण आयात केलेली आणि महाग. चार-सहा डाव झाल्यावरच त्यांचा विचार करा. परदेशातून थेट काही मागवत असाल तर वरून कस्टम ड्यूटी आणि कुरिअरवाल्याचं शुल्क बसतं, ते हिशेबात धरा.

३. नियम: एका बैठकीपुरते

एसआरडी साडेतीनशे-चारशे पानांचा आहे. पूर्ण वाचून खेळायला बसेन म्हणाल तर कधीच बसणार नाही. पहिल्या डावाला गाभा पुरतो, आणि तो असा:

एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका असेल तेव्हा खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपल्या पात्राचा त्या कामातला गुण मिळवतो, आणि डीएमनं मनाशी ठरवलेल्या आकड्याइतकं किंवा जास्त आलं की काम फत्ते. नियमांप्रमाणे सोप्या कामाला १०, मध्यमाला १५, अवघडाला २०. समजा, मुलगी बुरुज चढतेय, तिचा गुण +३ आहे आणि आकडा १५. तिला फाशावर किमान १२ लागतात, म्हणजे विसांतल्या नऊच शक्यता तिच्या बाजूनं. मुलांसोबत मी बहुतेक कामांना १२ धरतो. मग विसांतल्या बारा शक्यता तिच्या होतात, आणि धडपडत का होईना, गोष्ट पुढे सरकते.

परिस्थिती अनुकूल असेल, म्हणजे दोर बांधलेला आहे किंवा दादानं खालून आधार दिलाय, तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. प्रतिकूल असेल तर दोन टाकून लहान घ्यायचा. हा एक नियम मुलांना इतका भावतो की ती स्वतःहून अनुकूल परिस्थिती तयार करायला लागतात, आणि तिथेच खरा खेळ सुरू होतो.

लढाईतही तेच. फासा अधिक गुण, समोरच्याच्या चिलखताच्या आकड्याशी तुलना. लागला तर शस्त्राप्रमाणे दुसरा फासा टाकून इजा किती ते काढायचं आणि जीवगुणांतून, म्हणजे तो किती मार सोसू शकतो त्या आकड्यातून, वजा करायचं. फाशावर थेट वीस आले की इजेचे फासे दुप्पट. त्या क्षणी टेबलावर जो कल्ला होतो त्याची शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या.

सामानाचं वजन, मंत्राला लागणारं साहित्य, हालचालीतले प्रतिहल्ले, एका पात्राचे दोन पेशे, हे सगळं पहिल्या दोन-तीन डावांत सोडून द्या. कुणाचं काही अडत नाही.

४. पात्रं आधीच तयार ठेवा

नवख्या माणसाला पात्र बनवायला बसवलं की त्यातच दोन तास जातात आणि खेळ होतच नाही. डीएमनं पाच-सहा पात्रं तयार ठेवावीत आणि खेळाडूंनी त्यातून निवडावं. प्रत्येकाला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप. नियमात एक सोपी वाटणी दिली आहे, १५, १४, १३, १२, १० आणि ८. हे सहा आकडे आपल्याला हवे तसे सहा गुणांवर वाटायचे. आवृत्तीप्रमाणे त्यात वंशाची किंवा पूर्वायुष्याची थोडी भर पडते. आकड्यातून दहा वजा करून निम्मे केले की फाशात मिळवायचा गुण निघतो. अपूर्णांक आला तर खाली उतरायचं. १५ चा +२, ८ चा उणे १. पात्र ज्यात तरबेज आहे त्यात पहिल्या पातळीवर आणखी २ मिळतात.

आकडे तुम्ही भरा, पण नाव, दिसणं आणि पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरं खेळाडूलाच देऊ द्या. घरी तुझी वाट कोण बघतंय? आणि तुला कशाची भीती वाटते? माझ्या मुलानं त्याच्या बुटक्या योद्ध्याचं नाव धोंडिबा ठेवलं. धोंडिबाची घरी वाट बघते त्याची म्हैस, आणि तो घाबरतो फक्त पोहायला. या दोन ओळींवर मी पुढचे कितीतरी डाव रचले. इंग्रजी नावांचा आग्रह धरू नका. धोंडिबा हाक मारल्यावर जितका लगेच जिवंत होतो तितकं कुठलंच परकं नाव होत नाही.

लहान मुलाला जादूगार देताना जरा जपून. त्याला मंत्रांची यादी सांभाळावी लागते आणि जीवगुण सगळ्यांत कमी. दहा वर्षांखालच्यांना योद्धा किंवा चोर द्या.

५. काय नको ते आधी बोला

पहिल्या डावाआधी पंधरा मिनिटं फक्त या बोलण्याला द्या. खेळणारी मंडळी याला सेशन झीरो म्हणतात. प्रत्येकानं सांगायचं, गोष्टीत काय आलेलं मला चालणार नाही. आमच्याकडे मुलगी म्हणाली कुत्रा मरायला नको, बायको म्हणाली लहान मूल हरवायला नको. लिहून घेतलं आणि आजवर पाळलं. टेबलाच्या मध्यावर फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं, त्याला एक्स-कार्ड म्हणतात. कुणीही त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही.

भावंडांच्या घरात दोन नियम आणखी हवेत. एकमेकांच्या पात्रावर हल्ला नाही, आणि एकमेकांच्या पिशवीतून चोरी नाही. नाहीतर सकाळी रिमोटवरून झालेलं भांडण संध्याकाळी गुहेत उतरतं.

भुतांचं काय, हा प्रश्न आपल्याकडे येतोच. वेताळ, मुंजा, खवीस, हडळ, चकवा, कोकणातला देवचार, एवढी श्रीमंत मंडळी आपल्या गोष्टींत असताना ती वापरायलाच हवीत असं मला वाटतं. पण आठ वर्षांच्या मुलाला रात्री एकट्यानं बाथरूमला जायचं असतं हे लक्षात ठेवा. लहानांसाठी चकवा उत्तम: वाट चुकवतो, जीव घेत नाही. हडळ दहा-बारा वर्षं थांबू शकते. देवदेवतांना शत्रू करू नका, आणि शिवकाळातली खरी माणसं पात्रं म्हणून आणू नका. त्यांच्याविषयी घरात प्रत्येकाच्या मनात काही पक्कं असतं. फाशाच्या एका आकड्यावर त्यांचं काही ठरणं कुणालाच रुचणार नाही. किल्ला काल्पनिक घ्या, मोकळेपणानं खेळता येतं.

६. पहिली गोष्ट लिहा: एक अडचण, तीन जागा

पहिली गोष्ट एका बैठकीत संपली पाहिजे. नवखा डीएम हमखास राज्यांचा इतिहास, पाच राजघराणी आणि भलामोठा नकाशा घेऊन बसतो. त्यातलं काही टेबलापर्यंत पोचत नाही. एक अडचण आणि ती सोडवायच्या वाटेवर तीन जागा, बस्स. आमची पहिली गोष्ट इथे देतो, जशीच्या तशी वापरा.

अडचण: घुबडगडाच्या पायथ्याच्या वाडीतली शाळेची घंटा रातोरात नाहीशी झाली आहे. गुरुजी हवालदिल आहेत, मुलं खूश आहेत. ओल्या मातीत गडाच्या वाटेकडे जाणाऱ्या कसल्यातरी फरफटीच्या खुणा आहेत.

पहिली जागा, गडाची वाट: इथे चकवा आहे. शहाणपणाचा फासा, आकडा १२. निम्म्यांना जमलं तरी सगळे सुटतात. नाही जमलं तर चालून चालून मंडळी पुन्हा त्याच अंजनाच्या झाडाखाली येतात, उन्हं कलतात आणि एक मशाल जळून संपते. कुणी झाडाला खूण बांधली, ओढ्याच्या आवाजाचा माग धरला किंवा असंच काही सुचवलं, तर दोन फासे द्या.

दुसरी जागा, अंबरखाना: छप्पर पडलेलं धान्यकोठार, आत कुत्र्याएवढे उंदीर. चार खेळाडू असतील तर चार, तीन असतील तर तीन. ५.१ मसुद्याप्रमाणे प्रत्येकाचं चिलखत १२, जीवगुण ७, चावा +४, इजा चार बाजूंचा फासा अधिक २. कळपानं हल्ला करण्याचा त्यांचा खास नियम पहिल्या डावात गाळा. दोन चाव्यांत जादूगार आडवा होऊ शकतो, म्हणून सगळे उंदीर एकावर सोडू नका. उंदीर आगीला बिचकतात आणि खाण्यावर तुटून पडतात. लढाईशिवाय सुटायच्या या दोन वाटा तुमच्या टिपणात हव्यातच.

तिसरी जागा, खांबटाकं: कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं, आत दगडी खांब, गुडघाभर गार पाणी. पाण्याच्या मधोमध गडाचा म्हातारा राखणदार घंटा मांडीवर घेऊन बसला आहे. घंटा मुळात गडाचीच, शत्रू आला की इशाऱ्याला वाजवायची. वाडीनं ती विचारल्याशिवाय खाली नेली. लढून तो हरत नाही, आणि लढाईत त्याला रसही नाही. त्याला घंटेचा आवाज रोज एकदा ऐकायचा आहे. यावर तोड काय काढायची ते खेळाडूंनी ठरवायचं. तुम्ही उत्तर लिहून ठेवू नका.

शत्रू म्हणून गॉब्लिन, म्हणजे परक्या गोष्टींतले खुजे, उपद्रवी राक्षस, का घेतले नाहीत? बहुतेक तयार साहसं गॉब्लिनांपासून सुरू होतात, पण त्यांचं चिलखत १५ असतं. +५ चा योद्धा उंदरावर दहांतले सात वार लावतो, गॉब्लिनवर निम्म्यांहून जेमतेम जास्त. मोठी माणसं हुकलेला वार हसून सोडतात; आठ वर्षांचं मूल तीनदा हुकलं की टेबलावरून उठून जातं.

आणि किल्ल्याचं बोलायचं तर, सह्याद्रीतला एखादा गड मुलांनी पायी चढलेला असेल तर माची, चोरदरवाजा, बालेकिल्ला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. परक्या भुयाराचं वर्णन करायला पाच मिनिटं लागतात, तिथे ‘चोरदरवाजा’ एवढा एक शब्द पुरतो.

७. डाव चालवताना

वर्णन तीन वाक्यांत आटपा: काय दिसतं, काय ऐकू येतं, वास कसला येतो. मग थेट एकाचं नाव घेऊन विचारा, ‘तू काय करतोस?’ सगळ्यांना मिळून विचारलं की मोठ्या आवाजाचाच बोलतो. आमच्याकडे भाचा पंधरा वर्षांचा, त्याला नियमही जास्त येतात. तो धाकट्यांच्या वतीनं उत्तरं द्यायला लागला की मी धाकट्याकडे बघत थांबतो. आईबापांनाही हाच मोह होतो, आपल्या मुलाला ‘अरे, धनुष्य मार ना’ म्हणायचा. हा मोह कटाक्षानं टाळा. मुलाचा चुकीचा बेत त्याचा स्वतःचा असतो.

अंबरखान्यातला आमचा प्रसंग सांगतो, म्हणजे टेबलावर नेमकं काय चालतं ते कळेल.

‘चार उंदीर तुमच्याकडे वळलेत. डोळे मशालीच्या उजेडात चमकताहेत. धोंडिबा, तू काय करतोस?’

मुलगा थोडा वेळ गप्प. मग, ‘मी त्यांना भाकरी टाकतो.’

‘किती?’

‘सगळी.’

‘माझ्या गाठोड्यातली पण?’ त्याची बहीण ओरडली.

‘तुझी मीच उचलून आणली होती ना, वजन होतं म्हणून!’

मी त्याला छापेचा फासा टाकायला लावला, आणि सगळीच भाकरी टाकली म्हणून दोन फासे दिले. चार आणि सतरा. उंदीर कोपऱ्यात भाकरीवर तुटून पडले आणि मंडळी भिंतीला पाठ लावून पुढे सरकली. एकही वार झाला नाही. लढाईची सगळी तयारी वाया गेली असं डीएमला वाटू शकतं. तसं वाटून घेऊ नका आणि उंदरांना मुद्दाम मागे लावू नका. त्यांनी जिंकलेलं त्यांचं असू द्या. भाकरी संपल्याची आठवण मात्र ठेवा. संध्याकाळी गडावर भूक लागली तेव्हा पुढचा प्रसंग आपोआप तयार झाला.

फासा फसला म्हणून गोष्ट अडता कामा नये. कुलपाचा फासा फसला तरी कुलूप उघडतं, पण आवाज होतो. उडीचा फसला तरी पलीकडे पोचतो, पण मशाल खाली पडते. ‘काही होत नाही, पुढचा’ हे वाक्य डीएमनं विसरून जावं.

नियमावरून वाद झाला तर एका मिनिटात निकाल द्या आणि डावानंतर पुस्तक बघा. डाव थांबवून पीडीएफ चाळत बसण्यानं जेवढी घरची खेळणारी मंडळी गळतात तेवढी कशानंच गळत नाहीत.

खाण्याबद्दल: चिवडा आणि भजी सुट्टीत. तेलकट बोटांचे डाग पात्राच्या कागदावरून जात नाहीत आणि पेन्सिलही त्यावर उमटत नाही. डावात चालतील ते शेंगदाणे, फुटाणे, सफरचंदाच्या फोडी.

८. न खेळणाऱ्या माणसांना जागा द्या

घरात कुणी फासे हातात घेणार नाही, पण कान देऊन ऐकत असेल. त्या माणसाला गोष्टीतलं एखादं छोटं काम द्या: गुरुजी, पाटलीणबाई, होडीवाला. नियम सांगायची गरज नाही, फक्त त्या माणसाला काय ठाऊक आहे ते दोन वाक्यांत सांगा.

आई पलीकडे मटार सोलत बसली होती. मुलं राखणदारासमोर उभी राहून घंटा मागत होती आणि तो मान हलवत होता. आई तिथूनच म्हणाली, ‘अगं, त्याला आधी नारळ दिला का? राखणदाराला विचारल्याशिवाय गडावर चढतात का कधी?’ मुलांनी एकमेकांकडे बघितलं आणि धोंडिबा नारळ आणायला गड उतरायला लागला. माझ्या टिपणात नारळ नव्हता. मी तो तिथल्या तिथे गोष्टीत घेतला, आणि राखणदार पहिल्यांदाच बोलला. त्यानंतर आई त्या वाडीतली म्हातारी आहे. गडाबद्दल काही विचारायचं तर मुलं स्वयंपाकघरात जाऊन तिला विचारून येतात, आणि ती जे सांगेल ते गोष्टीत खरं असतं.

९. मिनी, किल्ला आणि रंगकाम

मिनी म्हणजे नकाशावर मांडायच्या पात्रांच्या छोट्या मूर्ती. खेळापेक्षा हे काम जास्त आवडणारी माणसं असतात, त्यात मीही आहे. पण खेळायला याची गरज नाही. सुरुवातीला कॅरमच्या सोंगट्यांवर नंबर चिकटवा: काळ्या म्हणजे उंदीर, पांढऱ्या म्हणजे गावकरी, राणी म्हणजे टोळीचा म्होरक्या.

मापाचा हिशेब असा: नकाशावरचा एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट, आणि बाजारातल्या बहुतेक मिनी साधारण २८ मिलिमीटरच्या. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे त्याहून बरेच मोठे असतात. ते वापरायचे तर कार्डशीटवर दोन इंचांचे चौकोन आखा, छान बसतात. दिवाळी झाली की किल्ल्याचे सामान माळ्यावर जातं ते जाऊ देऊ नका; तटबंदी, पुठ्ठ्याची दारं, सगळं पुढे वर्षभर चालतं.

भिंती आणि बुरुज घरी करायचे तर खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या. वरचा कागद ओला करून सोलला की आतल्या नाळ्या मंगळुरी कौलांसारख्या दिसतात. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. जुना तुकडा घरात पडलेला असेल आणि तो वापरणार असाल, तर त्यावर स्प्रेचा रंग मारू नका. त्यातल्या द्रावणानं थर्माकोल विरघळतो.

मिनी रंगवायला साधे ॲक्रिलिक रंग आणि शून्य नंबरचा ब्रश पुरतो. रंग पाण्यानं पातळ करून दोन हात द्या. एकच जाड हात दिला की चेहऱ्याचे नाकडोळे बुजतात. शेवटी खूप पातळ केलेला काळपट तपकिरी रंग सगळीकडून सोडला की तो खाचांत उतरतो आणि उठाव येतो. स्प्रे प्रायमर पावसाळ्यात मारायचा नाही. दमट हवेत तो भुकटीसारखा खरखरीत बसतो, आणि कोकणात किंवा मुंबईत असाल तर जून ते सप्टेंबर ब्रशनंच प्रायमर लावा.

थ्रीडी प्रिंटर घ्यायचा विचार असेल तर मुलांच्या घरात पीएलए या प्लॅस्टिकच्या तारेचा घ्या. रेझिनच्या प्रिंटरमध्ये बारकावे सुंदर येतात, पण कच्चं रेझिन कातडीला बाधतं, वास घर भरून राहतो, हातमोजे आणि हवेशीर वेगळी खोली लागते. दोन खोल्यांच्या घरात ते नकोच.

१०. डाव चालू ठेवताना

शाळेचं वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवूनच लांबलचक गोष्ट आखा. सहामाहीच्या आधी एक टप्पा संपवा, दिवाळीच्या सुट्टीत मोठा डाव, वार्षिक परीक्षेच्या आधी पुन्हा थांबा, मे महिन्यात मोकळं रान. परीक्षेच्या काळात डाव रेटायचा नाही. मुलाच्या मार्कांचं खापर एकदा खेळावर फुटलं की खेळ बंद होतो.

प्रत्येक डावानंतर वहीत पाच ओळी लिहा: कुठे थांबलो, कुणाकडे काय आहे, कुणाला काय कबूल केलं. हे काम मुलांकडे द्या, वाटून. मोडक्यातोडक्या मराठीत का असेना, ती आवडीनं लिहितात, आणि निबंधाच्या वहीत न दिसणारी वाक्यं तिथे दिसतात.

एखादा खेळाडू आला नाही तर डाव रद्द करू नका. त्याचं पात्र वाडीत आजारी पडलं, की विषय संपला. दोघे नसतील तर त्या दिवशी मिनी रंगवा.

नातलग परदेशात असतील तर त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या. फोन एका कपाला टेकवून नकाशाकडे तोंड करून ठेवा, फासे त्यांचे त्यांनी टाकावेत. आपले रात्रीचे आठ म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं सरकतात तेव्हा आठवण करून द्या. तिकडे वाढणाऱ्या मुलांना मराठी समजतं पण बोलायला ती कचरतात. राखणदार फक्त मराठीच समजतो असं ठरवलं की ती बोलतात.

मराठीत पात्राचा कागद किंवा एखादी गोष्ट नीट तयार झाली तर ती इतरांना द्या. एसआरडीचा परवाना मूळ स्रोताचा ठरलेला उल्लेख करून रूपांतर छापायला, अगदी विकायलाही मुभा देतो. खेळाचं नाव आणि बोधचिन्ह मात्र ट्रेडमार्क आहेत, ती मुखपृष्ठावर घेऊ नका. पाचव्या आवृत्तीशी सुसंगत, एवढं लिहायला चालतं.

११. मुलांच्या हाती डाव

कधीतरी मूल म्हणेल, ‘बाबा, आज मी डीएम.’ त्या दिवशी फोल्डर त्याच्याकडे सरकवा आणि स्वतः पात्र घ्या. त्याला एक पान लिहू द्या: एक अडचण, तीन जागा. नियम चुकले तर टोकू नका. आकडा कमी-जास्त धरला तर धरू दे, ड्रॅगन पहिल्याच खोलीत आणला तर येऊ दे. मोठ्या भावंडांनाही हे आधी बाजूला घेऊन सांगून ठेवा. त्याचा डाव तासाभरात आटपेल, म्हणून बाकीच्यांना दुसरं काही ठरवायला वेळ मोकळा ठेवा. आणि तो ‘तू काय करतोस?’ असं विचारेल तेव्हा लगेच, ठामपणे काहीतरी करा. नवख्या डीएमला समोरच्या गप्प बसलेल्या खेळाडूइतकी दुसरी अडचण नसते.